डनॉटर : मुकुट वाचवणाऱ्या बायकांचा किल्ला

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ॲबरडीनच्या दक्षिणेला स्टोनहेवन नावाचं छोटं बंदर आहे. तिथून कड्याच्या कडेकडेनं पायवाट निघते आणि थोड्या चालीनं डनॉटर किल्ला समोर येतो. सुमारे 160 फूट उंच कातळ, जवळपास चहूकडून उत्तर समुद्र आणि सपाट माथ्यावर छप्पर गेलेल्या भिंती. आत जायला आधी पार खाली उतरायचं आणि मग दरवाजातून पुन्हा चढायचं. चढताना कडा जवळून बघावा. चिक्कीत दाणे रुतलेले असावेत तसे त्यात गोल गोटे गच्च बसले आहेत.

किल्ला कीथ घराण्याचा. 1297 मध्ये विल्यम वॉलेसनं इथल्या चर्चमध्ये लपलेली इंग्रज शिबंदी जाळली, असं ब्लाइंड हॅरी या कवीनं लिहून ठेवलंय. पण डनॉटरची खरी गोष्ट 1651 ची. राजाला न मानणारा इंग्रज सेनानी क्रॉमवेल याच्या फौजा चालून आल्या तेव्हा स्कॉटलंडची राजचिन्हं, म्हणजे मुकुट, राजदंड आणि तलवार, याच गडावर होती. किल्लेदार जॉर्ज ओगिल्वीनं मूठभर माणसांनिशी आठ महिने गड लढवला. तोफांचा भडिमार सुरू झाल्यावर 1652 च्या मे महिन्यात तो खाली झाला, पण इंग्रजांना राजचिन्हं काही सापडली नाहीत.

ती आधीच बाहेर गेली होती. किनेफच्या पाद्र्याची बायको ख्रिश्चन फ्लेचर हिनं मुकुट कपड्यांत दडवून वेढ्यातून नेला, असं काही सांगतात. दुसरी कथा म्हणते, राजचिन्हं कड्यावरून दोरानं खाली सोडली आणि समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्या मोलकरणीनं ती टोपलीत लपवली. राजाची कागदपत्रं ॲन लिंडसे नावाच्या बाईनं अंगावरच्या कपड्यात शिवून नेली. पुढं 1660 पर्यंत राजचिन्हं किनेफच्या चर्चच्या फरशीखाली पुरलेली होती. ओगिल्वी आणि त्याची बायको एलिझाबेथ डग्लस कैदेत पडले, पण दोघांनी तोंड उघडलं नाही. परागंदा राजा परतल्यावर सरदारकी मिळाली गडाच्या धन्याचा भाऊ जॉन कीथ याला. ख्रिश्चन फ्लेचरच्या वाट्याला आले 2000 मर्क. हा अन्याय मला आजही खुपतो.

या गडाला काळी बाजूही आहे. 1685 मध्ये राजाची धर्मसत्ता न मानणारे 167 स्त्री-पुरुष इथल्या तळघरात कोंडले होते. समुद्राकडं उघडणाऱ्या खिडकीतून काहींनी कडा उतरून पळ काढला, काही तिथंच गेले. त्या कोठडीत उभं राहिलं की 167 हा आकडा अंगावर येतो.

1715 च्या बंडात कीथ घराण्याचा दहावा अर्ल राजाविरुद्ध उभा राहिला आणि गड जप्त झाला. छपरं, लाकूड, किडूकमिडूक सगळं विकलं गेलं. 1925 पासून लेडी काउड्रे यांनी डागडुजी करवली, म्हणून आज इतकं तरी उभं आहे. बिअर बनवण्याच्या जुन्या खोलीत हिरव्या वस्त्रातली बाई हरवलेली लेकरं शोधत फिरते, असं लोक सांगतात.

वारा फार असेल तर किल्ला बंद ठेवतात, त्यामुळं निघण्यापूर्वी चौकशी करावी. आणि सवड काढून दक्षिणेला किनेफलाही जावं. आताचं चर्च नंतरचं आहे, पण ख्रिश्चन फ्लेचर आणि तिचा पाद्री नवरा ग्रेंजर यांची आठवण तिथं जपलेली आहे. मुकुट मात्र एडिंबरोच्या किल्ल्यात बघायला मिळतो.