अंड्यांवरील तलंगांच्या संगोपनात प्रोबायोटिकचा वापर

मावळ तालुक्यातील मळवली परिसरात पावसाळ्यात हवा दीर्घकाळ दमट राहते. शेडमधील तुसाची गादी ओली झाल्यास रक्ती हगवणीचे परजीवी व इतर रोगजंतू वाढतात. तलंग साधारण १८ ते २० आठवड्यांपर्यंत उत्पन्न देत नाही. या काळात आतड्यांस झालेली इजा पुढे असमान वजन व लांबलेली अंडी यांतून दिसते.

नैसर्गिक अवस्थेत पिल्लास उपयुक्त जिवाणू आईच्या सहवासातून मिळतात. उबवणी केंद्रातील पिल्लास ती संधी नसते. प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जिवाणू नवजात पिल्लांना दिल्यास साल्मोनेलाचा प्रादुर्भाव रोखता येतो, असे फिनलंडमधील नुर्मी व रँटाला यांनी १९७३ मध्ये दाखविले. उपयुक्त जिवाणू आतड्याच्या अस्तरावरील जागा आधीच व्यापतात. लॅक्टोबॅसिलस आम्लता वाढवून रोगजंतूंना प्रतिकूल स्थिती निर्माण करतो. म्हणून प्रोबायोटिक पहिल्या दिवसापासून देणे इष्ट होय.

हे जिवाणू जिवंत असल्याने वापरात दक्षता आवश्यक आहे. गोळीखाद्य तयार करतानाच्या उष्णतेत बॅसिलसचे बीजाणू टिकतात, लॅक्टोबॅसिलस सहसा टिकत नाही. क्लोरीनयुक्त पाणी किंवा सोबत दिलेली प्रतिजैविके परिणाम नष्ट करू शकतात.

युरोपीय संघाने वाढवर्धक प्रतिजैविकांवर २००६ पासून बंदी घातली. भारताने २०१९ मध्ये पशुखाद्यातील कोलिस्टिनला मनाई केली. त्यामुळे या पर्यायाचे महत्त्व वाढले आहे. तथापि प्रोबायोटिक हे कोरडी गादी, स्वच्छ पाणी व लसीकरण यांना पूरक आहे. त्यांची जागा ते घेऊ शकत नाही.