लग्नाच्या वेळी बघू!

इंदूरच्या राजेंद्र नगरात सकाळी पोहे-जिलेबीच्या ठेल्यापाशी बारा-तेरा वर्षांची एखादी मुलगी हसताना तोंडावर हात धरताना दिसते. वरचे दात पुढे. सोबतच्या आजीचा निकाल तयार असतो : "आमच्याकडे सगळ्यांचेच असे. लग्नाच्या वेळी बघू."

आजीचं निम्मं खरं आहे. जबड्याची ठेवण बरीचशी वारशानं येते. अंगठा चोखण्याची सवय फार वर्षं टिकली तर तीही भर घालते. चुकतंय ते 'लग्नाच्या वेळी'.

मुळात पुढे काय आलंय, हेच आपण नीट बघत नाही. समोरून दात दिसतात, म्हणून दोष दातांना. पोरीला बाजूनं बघा. पुष्कळदा वरचा जबडा जागेवर असतो आणि खालचाच मागे राहिलेला असतो. ऑर्थोडॉन्टिस्ट आधी एक साधी गोष्ट करायला लावतात : "खालचा जबडा जरा पुढे सरकव बघू." तसं केल्यावर चेहरा बाजूनं बरा दिसला, तर प्लेटचा उपयोग होण्यासारखा आहे, हा अंदाज तिथेच येतो. बाकी मापं एक्स-रेवर.

ही 'प्लेट' म्हणजे बहुधा ट्विन ब्लॉक. विल्यम क्लार्क या स्कॉटिश ऑर्थोडॉन्टिस्टनं ती 1977 मध्ये पहिल्यांदा वापरली. वर एक, खाली एक असे ॲक्रिलिकचे दोन तुकडे, आणि दाढांवर साधारण 70 अंशांचे उतार. तोंड मिटलं की एक उतार दुसऱ्यावर टेकतो आणि खालच्या जबड्याला पुढे सरकावंच लागतं. जोर लागतो तो मुलाच्याच स्नायूंचा. कल्पना मात्र जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या विगो आंद्रेसननं आपल्या मुलीला सुट्टीपुरती अशीच एक सैल प्लेट दिली होती; सुट्टी संपली तेव्हा तिचा चावा आणखी सुधारलेला निघाला.

'प्लेटनं जबडा ओढून लांब करतात' हेही तितकंसं खरं नाही. चाचण्यांत दिसलं ते असं, की वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर कमी होतं ते मुख्यतः दात सरकल्यामुळे. हाडाच्या वाढीचा वाटा लहान. ज्याला 'हनुवटी नवी करून देतो' असं सांगितलंय, त्यानं दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्यावं.

तो लहान वाटाही वाढीच्या भरातच मिळतो. मुलींत हा भर साधारण 11-12 च्या आसपास, मुलांत दोनेक वर्षं उशिरा. जन्मतारखेवर सगळी भिस्त ठेवता येत नाही, म्हणून एक्स-रेत मानेच्या मणक्यांचा आकारही पाहतात. सातव्या-आठव्या वर्षीच घाई केल्यानं शेवटचा निकाल सहसा वेगळा येत नाही. मात्र फार पुढे आलेले दात पडण्या-आपटण्यात तुटण्याचा धोका कमी होतो. विशीनंतर दात तारांनी सरळ होतात, पण वाढ संपलेली असते. जबड्यातला मोठा फरक मग शस्त्रक्रियेकडे जातो.

'दात काढला की नजर जाते' ही भीती माळव्यातही आहे. दृष्टीची नस वेगळी, दातांची वेगळी. शिवाय या प्लेटसाठी सहसा कायमचा दात काढावाच लागत नाही. आणि 'प्लेट झाली, तारा वाचल्या' हेही नाही. बहुतेकांना पुढे तारा लागतात, नंतर दात जागेवर ठेवायला रिटेनर.

खरी कसोटी घालण्याची. ट्विन ब्लॉक नुसता रात्री घालून भागत नाही. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर जेवतानाही तोंडात, बरेच महिने. पहिले काही दिवस लाळ सुटते, 'स' घसरतो, वर्गात हसं होतं. गरम पाण्यात धुतली तर प्लेटचा आकार बिघडतो. आणि सराफ्यात गराडू खायला म्हणून काढून कागदी रुमालात गुंडाळली, की रुमाल पत्रावळीबरोबर कचऱ्यात. डबी दप्तरात नको, खिशात हवी.