पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थ्यांसाठीच्या साहाय्य-यंत्रणा : उपलब्धता आणि महाविद्यालयीन अध्यापकाची मध्यस्थी

प्रस्तावना :

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठात कोणत्या सोयी आहेत, असे विचारले असता माहितीपुस्तिकेतील यादी पुढे केली जाते. वसतिगृह, ग्रंथालय, शिष्यवृत्ती, आरोग्य केंद्र, समुपदेशन, तक्रार निवारण अशी ती यादी असते आणि ती खोटी नसते. तथापि यादीतील सोय आणि विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष हाती पडणारी सोय यांमध्ये एक अर्ज, एक शिफारसपत्र, एक सही किंवा एक अंतिम तारीख उभी असते. बहुतेक विद्यार्थी अडतात ते याच ठिकाणी. प्रस्तुत लेखात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ व त्याच्याशी संलग्न महाविद्यालये डोळ्यांसमोर ठेवून या मधल्या जागेचे विवेचन केले आहे.

१९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने पुणे, अहिल्यानगर व नाशिक या जिल्ह्यांत पसरलेले आहे. पदव्युत्तर वर्ग गणेशखिंडीच्या आवारात भरतात, तसे ते संलग्न महाविद्यालयांतही भरतात. अनेक महाविद्यालयांना संशोधन केंद्राची मान्यता आहे. सुरगाणा किंवा अकोले तालुक्यातून आलेला आणि नाशिक वा संगमनेर येथे शिकणारा विद्यार्थी कागदोपत्री विद्यापीठाचाच विद्यार्थी असतो. परंतु विद्यापीठ त्याला भेटते ते महाविद्यालयातील अध्यापकाच्या आणि कार्यालयातील लिपिकाच्या रूपाने. यादीतील सोयी त्याच्यापर्यंत पोचतात की नाहीत, हे या दोघांवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

परंपरा व नामांतर :

शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवणाची जबाबदारी समाजाने व शासनाने घ्यावी, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करविली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात श्रम करून शिकण्याचे तत्त्व उच्च शिक्षणात आणले. पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय किंवा बागेत ठरावीक तास काम करून विद्यार्थ्याला त्यातून खर्चाला हातभार लावता येतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. पूर्वीच्या व्यवस्थेत ‘विद्यार्थी कल्याण’ हा शब्द होता, त्याच्या जागी ‘विद्यार्थी विकास’ हा शब्द आला. शब्द बदलला हे ठीकच. पण कल्याणाचा अर्ज ज्या खिडकीवर पडून राहत असे, त्याच खिडकीवर विकासाचाही अर्ज पडून राहू शकतो.

अर्थसाह्य आणि त्याची वेळ :

पदव्युत्तर पातळीवर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ‘महाडीबीटी’ या संगणकीय प्रणालीद्वारे दिली जाते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयम् या योजना आहेत. त्यांतून भोजन, निवास व निर्वाहाची रक्कम थेट खात्यात जमा होते. यांपैकी कोणतेही साह्य एकदा मंजूर झाले म्हणजे आपोआप पुढे चालू राहत नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो आणि महाविद्यालयाने तो पुढे पाठवावा लागतो. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती बंद पडलेल्या विद्यार्थ्याची चौकशी केल्यास अपात्रतेपेक्षा नूतनीकरणाची राहिलेली पायरी हेच कारण पुष्कळदा आढळावे, यात नवल नाही.

संशोधक विद्यार्थ्यांच्या बाबतीत सर्वांत परिचित साह्य म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती. १ जानेवारी २०२३ पासून तिचा दर पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ३७,००० रुपये व त्यानंतर वरिष्ठ अधिछात्र म्हणून ४२,००० रुपये असा आहे. त्याखेरीज आकस्मिक खर्चासाठी वार्षिक रक्कम आणि वसतिगृह न मिळाल्यास घरभाडे भत्ता देय असतो. ही रक्कम केवळ परीक्षा उत्तीर्ण झाल्याने दरमहा मिळत नाही. विद्यार्थी कामावर असल्याची नोंद संस्थेतील एका व्यक्तीने प्रणालीत करायची आणि दुसऱ्या व्यक्तीने ती तपासून कायम करायची, अशी दुहेरी रचना आहे. दोघांपैकी एक रजेवर गेला, निवृत्त झाला किंवा त्याचा सांकेतिक शब्द हरवला, तर त्या महिन्याची रक्कम थांबते. दोन वर्षांनंतर वरिष्ठ अधिछात्र होण्यासाठी तज्ज्ञ समितीने कामाचे मूल्यमापन करावे लागते. ती समिती वेळेवर बोलावली गेली नाही तर विद्यार्थ्याला जुन्याच दरावर थांबावे लागते. संशोधकाच्या गुणवत्तेशी या विलंबाचा काहीही संबंध नसतो. भाडे मात्र दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावेच लागते.

राज्य पातळीवर पुण्यातील ‘बार्टी’ व ‘सारथी’ आणि नागपूरची ‘महाज्योती’ या संस्थांनी गेल्या काही वर्षांत असंख्य विद्यार्थ्यांना पीएच.डी.कडे वळण्याचे बळ दिले. यातील पुष्कळ विद्यार्थी आपल्या घरातील पहिलेच पदवीधर असतात. म्हणूनच २०२३ मध्ये प्रत्येक संस्थेसाठी जागांची मर्यादा २०० ठरविण्यात आली तेव्हा तीव्र पडसाद उमटले आणि निवडीची सामाईक परीक्षाही वादाचा विषय झाली. दुसरीकडे, अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद करण्यात आली. अधिछात्रवृत्ती हा स्थायी आधार नाही, ती धोरणानुसार वाढते, आटते व बंदही होते, हे विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळीच स्पष्टपणे सांगणे अध्यापकाचे कर्तव्य ठरते. नाउमेद होईल म्हणून हे न सांगणे ही दया नव्हे.

केंद्रीय विद्यापीठांत नेट परीक्षेविना प्रवेश घेतलेल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना दरमहा ८,००० रुपये मिळत आले आहेत. ते बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध २०१५ मध्ये दिल्लीत मोठे आंदोलन झाले. राज्य विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना ही योजना लागूच नाही. महाराष्ट्रातील बराच मोठा संशोधकवर्ग याच रकान्यात मोडतो आणि तासिका तत्त्वावर शिकवून तो प्रबंध लिहितो.

कालावधीचा प्रश्न :

साह्याची मुदत आणि अभ्यासाची मुदत यांचा मेळ बसत नाही, ही अडचण जुनी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडनला पोचले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट ठेवून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साह्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारे ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. या घटनेत एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. अभ्यास पुन्हा सुरू करण्यासाठी चार वर्षांच्या आत परतण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने त्यांना दिली होती. पैसा नंतर उभा राहिला. परंतु दार उघडे राहिले ते त्या परवानगीमुळे.

आजच्या नियमांतही अशी दारे आहेत. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ची मुदत किमान तीन व कमाल सहा वर्षे असून पुनर्नोंदणीद्वारे आणखी दोन वर्षे देता येतात. स्त्री संशोधकांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत आहे. स्त्री संशोधकाला संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा घेता येते. विवाह किंवा अन्य कारणाने स्थलांतर करावे लागल्यास तिला आपली संशोधनसामग्री नव्या संस्थेत नेण्याचा हक्क आहे. अट इतकीच की काम मूळ संस्थेला मंजूर झालेल्या प्रकल्पाचे नसावे, आणि मूळ संस्था व मार्गदर्शक यांचे योग्य श्रेय नमूद व्हावे. विवाहानंतर नाशिकहून नागपूरला गेलेली आणि ‘आता सोडून दिले’ असे सांगणारी माजी विद्यार्थिनी कोणत्याही अध्यापकाला सहज आठवेल. तिला हा नियम कोणी सांगितला होता का, हा प्रश्न महाविद्यालयाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

याच विनियमांनी एम.फिल. ही पदवी पुढे देणे बंद केले. पूर्वी दिलेल्या पदव्या वैध आहेत. पण संशोधनाची रीत शिकण्याचा तो मधला टप्पा नाहीसा झाला. एम.ए.चा विद्यार्थी आता थेट प्रबंधाच्या उंबरठ्यावर येतो. किमान १२ श्रेयांकांच्या पूर्वाभ्यासक्रमाने ती उणीव भरून निघावी अशी अपेक्षा आहे. संदर्भ कसा शोधावा, टिपण कसे काढावे, एका प्रकरणाचा आराखडा कसा करावा, या गोष्टींना तेथे किती वेळ मिळतो, हे केंद्रागणिक निराळे दिसते.

ग्रंथालये आणि दफ्तरे :

विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. मु. रा. जयकर यांच्या नावाचे ग्रंथालय हे आवारातील मुख्य साधन होय. बाहेरगावच्या संशोधकासाठी जालावरील साधने अधिक मोलाची आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील प्रबंध विनामूल्य वाचता येतात आणि त्यांत मराठी प्रबंधही आहेत. विषय निवडण्यापूर्वी तेथे पाहिले तर पुनरुक्ती टळते. संलग्न महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ आहे. मात्र महाविद्यालय सभासद असूनही विद्यार्थ्याला प्रवेशनाम दिलेलेच नाही, अशी स्थिती उद्भवू शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ ही योजना मंजूर केली आणि जानेवारी २०२५ पासून सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना खुली झाली. खाजगी व्यवस्थापनाच्या महाविद्यालयातील संशोधकाने आपला प्रवेश विद्यापीठामार्फत होतो किंवा कसे, याची विचारणा ग्रंथपालाकडे प्रथमच करावी.

मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्याला याहून वेगळी वाट चालावी लागते. पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ, डेक्कन कॉलेज, गोखले संस्थेचे ग्रंथालय व पेशवे दफ्तर यांतील सामग्रीचा मोठा भाग जालावर सापडत नाही. तेथे जाऊन बसावे लागते. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी तेथे जाण्यास बिचकतो. विभागप्रमुखांचे एक पत्र, कोणती यादी आधी मागावी याची सूचना आणि शक्य असल्यास पहिल्या भेटीत मार्गदर्शकाची सोबत, एवढ्याने हे बिचकणे संपते. मोडी वाचता न येणारा विद्यार्थी मराठेशाहीवरील विषय घेत असेल, तर त्याला नोंदणीपूर्वीच मोडीच्या वर्गाला घालावे हे वेगळे सांगायला नको.

तक्रार आणि मनःस्वास्थ्य :

आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. समितीने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि निर्णय न पटल्यास विद्यार्थ्याला लोकपालाकडे अपील करता येते. लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत तक्रार समिती हिच्याहून वेगळी असते. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास तिच्यावर पदवी, पदव्युत्तर व संशोधन या तिन्ही स्तरांचा विद्यार्थी-प्रतिनिधी असावा अशी तरतूद आहे. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडवून ठेवू नयेत, असेही आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

मानसिक ताणाबाबत ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० वा अधिक विद्यार्थी असणाऱ्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, तर लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावा, असे अंतरिम निर्देश दिले. मानसशास्त्राच्या अध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून समुपदेशन सोपविणे ही प्रथा या निर्देशांत बसते काय, याचा विचार महाविद्यालयांनी करावयास हवा. आपले गुण ज्याच्या हाती आहेत त्याच्याजवळ विद्यार्थी मन मोकळे करील, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

संशोधक विद्यार्थ्याची कोंडी याहून बिकट असते. त्याच्या प्रगतीचा आढावा प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समिती घेते आणि त्या समितीचा निमंत्रक त्याचा मार्गदर्शकच असतो. मार्गदर्शक वेळ देत नाही, प्रकरणे वाचत नाही किंवा घरगुती कामे सांगतो, हे त्याने तेथे सांगावे कसे? पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांसाठी बहुतेक महाविद्यालयांत मेंटॉर-मेंटी नोंदवही असते (ती नॅक समितीच्या भेटीआधीच्या आठवड्यात भरली जाते, हा भाग अलाहिदा). त्या नोंदवहीत संशोधक विद्यार्थ्यांची नावे सहसा नसतात, कारण ते ‘मार्गदर्शकाकडे’ आहेत असे गृहीत धरलेले असते. प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याच्या नावापुढे दुसऱ्या विभागातील एका अध्यापकाचे नाव लिहावे. त्या अध्यापकाने सत्रातून दोनदा त्याला भेटून अधिछात्रवृत्तीचा शेवटचा हप्ता कधी जमा झाला, मार्गदर्शकाची शेवटची भेट कधी झाली आणि नोंदणीची मुदत कोणत्या तारखेला संपते, या तीन गोष्टी टिपून घ्याव्यात. याला स्वतंत्र निधी लागत नाही, विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही आणि प्राचार्यांच्या एका आदेशाने हे येत्या सत्रापासून सुरू करता येते.