विद्यापीठाचे विधी ग्रंथालय

1998 सालची गोष्ट. इस्पितळातल्या कामगारांच्या दाव्यात मालकाच्या वकिलांनी 1970 चा सफदरजंग इस्पितळाचा निवाडा पुढे केला. इस्पितळ हा 'उद्योग' नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले होते. म्हणजे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याचा आधारच गेला! आम्ही शाळा अर्ध्यावर सोडलेली माणसे, गप्प बसलो. एका सभासदाचा मुलगा विद्यापीठात कायदा शिकत होता. तो म्हणाला, "काका, निवाडा खरा आहे, पण पुढे तो टिकला का, ते ग्रंथालयात पाहू."

पाठ्यपुस्तके विद्यार्थ्याला घरी नेता येतात. निवाड्यांचे खंड मात्र सहसा तिथेच बसून वाचावे लागतात. एकच खंड अनेकांना हवा असतो. कोणता निवाडा पुढे कोठे चर्चिला गेला, हे शोधायची वाट ग्रंथपालांनी त्या मुलाला दाखविली. हाती आले 'ए.आय.आर. 1978 सु.को. 548'. आम्हाला हे कोडेच वाटले! अर्थ साधा : ऑल इंडिया रिपोर्टरचा 1978 चा खंड, सुप्रीम कोर्टाचा भाग, पान 548. तेथे बंगलोर पाणीपुरवठा मंडळाचा निवाडा होता. सफदरजंगचा निर्णय सहा न्यायमूर्तींचा. तो येथे सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने मोडीत काढला होता.

आता हाच शोध संगणकावर होतो. विद्यापीठ वर्गणी भरते त्या संग्रहांत निवाडा पुढे फिरला असल्यास तशी खूण असते. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे घरबसल्या फुकटही वाचता येतात. खूण कशी वाचावी, हे मात्र ग्रंथपालांनाच विचारावे.

तारखेला आम्ही झेरॉक्सची पाने पुढे ठेवली. वकीलसाहेबांनी आपला खंड मिटला.