यकृत थकले की भार स्नायूंवर

आहारातील प्रथिनांपासून सुटणाऱ्या अमिनो आम्लांचा कारभार ज्याच्या हाती असतो, ते यकृत सिरॉसिसने आक्रसू लागले, म्हणजे अमोनियाचे युरियात रूपांतर करण्याचे त्याचे नित्यकर्म मंदावते आणि ते विषारी द्रव्य रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचते. मग हात पुढे करून मनगटे वर वाकवावयास सांगितली, तर रोग्याचे पंजे पंख फडफडावेत तसे राहून राहून खाली पडतात.

अशा वेळी स्नायू अमोनियाचा बराचसा भार उचलून त्यापासून ग्लुटामिन तयार करतात. परंतु त्या खटाटोपात ल्युसिन, आयसोल्युसिन व व्हॅलिन ही शाखायुक्त अमिनो आम्ले खर्ची पडतात, तर ज्यांचा निकाल मुख्यतः यकृतानेच लावावयाचा, ती फेनिलॲलॅनिन व टायरोसिन रक्तात साचतात. निरोगी माणसात तिनास एकच्या आसपास असणारे पहिल्या गटाचे दुसऱ्याशी प्रमाण कसे ढळते, याकडे अमेरिकन शल्यवैद्य जोसेफ फिशर यांनी १९७० च्या दशकात लक्ष वेधले.

प्रथिनांतून अमोनिया होतो, म्हणून रोग्याचे वरण आणि दूध तोडण्याची जुनी रीत मला अत्यंत घातक वाटते. कारण स्नायू झिजले की अमोनिया निवारणारे दुसरे ठाणेही उठते. आजचे वैद्यक वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सुचविते, आणि निजण्यापूर्वी थोडे खाण्याची तजवीजही, कारण रात्रभराच्या उपासात हे शरीर स्वतःचेच स्नायू मोडू लागते. शाखायुक्त अमिनो आम्लांची पूड घेतल्याने मेंदूवरील मळभ पुष्कळदा कमी होते. आयुर्मान वाढते, असे मात्र सिद्ध झालेले नाही.