प्रवाळाच्या आडोशाला

रारोटोंगाच्या किनाऱ्यावरच्या व्हिलात पहिल्या रात्री झोप उशिरा लागते. पडवीपासून वीस-पंचवीस पावलांवर पाणी असतं, पण त्या पाण्याला आवाज नसतो. आवाज येतो तो लांबून, काळोखातून, घुमत आणि एकसारखा. तो पॅसिफिक महासागराचा. हजारो किलोमीटर कुठेही न अडता आलेल्या लाटा बेटाभोवतीच्या प्रवाळभिंतीवर आपटून फुटतात आणि भिंतीच्या आतल्या उथळ पाण्यापर्यंत, म्हणजे लगूनपर्यंत, त्यांची नुसती थरथर पोचते. नवरा-बायको हातात हात घालून कमरेएवढ्या कोमट पाण्यात उभे आहेत, तळाची वाळू स्वच्छ दिसते आहे, आसपास चिटपाखरू नाही, हे जाहिरातीतलं चित्र खरं असतं. ते चित्र कशाच्या आधारावर उभं आहे, हे मात्र तिथे छापलेलं नसतं. मला तो आधार चित्राइतकाच मोहक वाटतो.

कुक बेटं हा पंधरा बेटांचा देश. सगळी जमीन मिळून २४० चौरस किलोमीटर आणि हक्काचा समुद्र जवळजवळ २० लाख चौरस किलोमीटर. १९०१ पासून न्यूझीलंडच्या ताब्यात असलेली ही बेटं ४ ऑगस्ट १९६५ पासून स्वतःचा कारभार स्वतः पाहतात. न्यूझीलंडशी नातं टिकून आहे, नागरिकत्व न्यूझीलंडचं आहे आणि डॉलरही तिथलाच चालतो. रारोटोंगा हे त्यातलं मुख्य बेट, क्षेत्रफळ ६७ चौरस किलोमीटर; कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई साधारण तेवढीच भरते. पण अख्ख्या देशाची लोकसंख्या पंधरा हजारांच्या आसपास आहे. मध्ये हिरवेगार, उभ्या कड्यांचे डोंगर, त्यात सर्वांत उंच शिखर ‘ते मांगा’, ६५० मीटरच्या किंचित वर. किनाऱ्याने ३२ किलोमीटरचा गोल रस्ता, आणि त्यावर बसचे दोनच मार्ग: एक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, दुसरा उलटा. नवख्या माणसालाही हरवायचं म्हटलं तरी हरवता येत नाही.

प्रवाळभिंत समजून घ्यायची तर चार्ल्स डार्विनचं नाव घ्यावंच लागतं. नोव्हेंबर १८३५ मध्ये तो ताहितीला होता. तिथल्या चढणीवरून त्याला समोरचं मोरेआ बेट, त्याभोवतीचं शांत पाणी आणि बाहेरची फेसाळ कडा असं सगळं एका नजरेत दिसलं. १८४२ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने मांडणी केली ती अशी: समुद्रातून ज्वालामुखीचं बेट वर येतं, त्याच्या कडेला प्रवाळ वाढतं, बेट युगानुयुगं खचत जातं, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर चढत राहतं, भिंत आणि बेट यांच्यातलं अंतर रुंदावत जातं आणि शेवटी डोंगर बुडून नुसतं पोवळ्याचं कडं उरतं. कुक बेटांमध्ये या गोष्टीचे सगळे अध्याय आजही पाहता येतात. रारोटोंगा पहिल्या अध्यायात आहे, म्हणून इथली भिंत किनाऱ्याला लगटून आहे. उत्तरेचं आयतुताकी अर्धं बुडालेलं आहे, त्यामुळे त्याचं लगून विशाल आहे. त्याहून वर मनिहिकीसारख्या बेटांवर डोंगर उरलेलाच नाही.

व्हिला पाण्याच्या इतका जवळ बांधता येतो, त्याचं कारणही इथेच सापडतं. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर चढते. रारोटोंगाला भरती-ओहोटीतला फरक मीटरभरसुद्धा नसतो. लाटेचा जोर भिंतीवर जिरलेला, भरती बेताची, म्हणून वाळूच्या काठालाच पडवी काढली तरी वर्षाचे बरेच दिवस निभावतं. ती वाळूही समुद्राने कुठून वाहून आणलेली नाही. मेलेलं प्रवाळ, शिंपले, सूक्ष्म जीवांची कवचं आणि पोपटमाशांनी चोचीसारख्या दातांनी कुरतडून, पोटात दळून बाहेर टाकलेला चुना मिळून ती तयार होते. पाण्यात तोंड बुडवून कान दिला तर हे कुरतडणं कुर्रकुर्र असं स्पष्ट ऐकू येतं.

या शांत पाण्यात एक धोका आहे आणि तो आधी सांगितलाच पाहिजे. डोंगरावरून ओढे जिथे समुद्राला मिळतात, तिथे गोड्या पाण्यामुळे प्रवाळ वाढत नाही आणि भिंतीला खिंड पडते. लाटांबरोबर भिंतीवरून आत आलेलं सगळं पाणी या खिंडींतून बाहेर पळतं. दक्षिण किनाऱ्यावरच्या आवाआवारोआ, पापुआ आणि रुताकी या खिंडींतली ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर खेचते. तिथे माणसं बुडाली आहेत. कासवं दिसतात म्हणून परक्याने आपल्या भरवशावर तिथे उतरू नये.

आता जमिनीकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. कुक बेटांत जमीन विकत मिळत नाही. १९१५ च्या कायद्याने तिथल्या लोकांच्या जमिनीच्या विक्रीला बंदी घातली आणि ती आजतागायत टिकून आहे. जमीन कुळाची. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही बाजूंनी वारसा उतरतो, त्यामुळे समुद्रकाठच्या एका तुकड्याचे वारस शेकड्यांनी असू शकतात, त्यातले कित्येक ऑकलंडला नाहीतर सिडनीला. भाडेपट्टा जास्तीत जास्त ६० वर्षांचा. म्हणून इथे बहुतेक ठिकाणी लहान लहान व्हिला दिसतात, तीन-चार खोल्यांचे, मागे घरमालकांचं घर, त्यांच्या कोंबड्या, पपईची झाडं. इमारत माडाहून उंच असू नये, असं इथे म्हणतात आणि पाळतातही.

आम्ही राहिलो त्या व्हिलाच्या शेजारच्या अंगणात दोन पांढऱ्याशुभ्र समाध्या होत्या. वर पत्र्याचं छोटं छप्पर, ताजी फुलं, आणि बाजूच्या दोरीवर धुतलेले कपडे वाळत घातलेले. घरच्या माणसाला घरच्याच जमिनीत ठेवायची इथली रीत आहे. मालकीणबाई संध्याकाळी त्या कट्ट्यावर टेकून नातवंडाशी गप्पा मारायच्या. मधुचंद्राला आलेल्या जोडप्याला हे पाहून पहिल्यांदा दचकायला होतं. दोन दिवसांनी दचकणं जातं, आणि ज्या वाळूवर आपण एकांत शोधतो आहोत तिथे कितीतरी माणसांचं गोत आहे, हे कळून बरं वाटतं. निदान मला वाटलं. इथला किनारा कुणा एकाचा नसतो, पुळणीवरून कुणीही चालत जाऊ शकतं. एकांत मिळतो तो शेजाऱ्यांच्या भलेपणामुळे.

हे सगळं डावलून मोठं काही उभारायला गेलं की काय होतं, त्याचा धडा दक्षिणेला वाइमाआंगा इथे मिळाला. १९९० च्या सुमारास तिथे सरकारच्या हमीवर, इटालियन कर्जातून शेरेटनचं भलंमोठं हॉटेल बांधायला घेतलं. १९९३ मध्ये पैसे संपले, काम थांबलं. त्या कर्जाने नव्वदच्या दशकाच्या मध्यात छोट्याशा देशाची तिजोरी खिळखिळी केली, आणि हॉटेलचे सांगाडे पुढे कित्येक वर्षं वेलींखाली पडून राहिले. त्या जमिनीला जुना शाप आहे, असं गावातली माणसं सांगतात. शापाचं काहीही असो, ६७ चौरस किलोमीटरच्या बेटाला पेलवेल ते मोजूनच घ्यायला हवं. २०१९ मध्ये इथे एक लाख सत्तर हजारांच्या आसपास पर्यटक आले, लोकसंख्येच्या दहापटीहून जास्त.

व्हिलात स्वयंपाकघर असतं हा मोठा फायदा. शनिवारी सकाळी आवारुआ या राजधानीच्या गावात पुनांगा नुई बाजार भरतो. तिथून अळू, केळी, नारळ, लिंबं आणि ताजा ट्यूना घेऊन यावं. इका माता कसं करतात ते मालकीणबाईंनीच दाखवलं. माशाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, त्यावर भरपूर लिंबू, थोडं मीठ. बघता बघता लालसर मांस कडेने दुधी होत जातं. तोवर त्या एका बुटक्या बैठकीवर बसल्या, पुढे बाहेर आलेलं दातेरी लोखंडी पातं, हातात नारळाची वाटी. आपल्या खोवणीची सख्खी बहीणच ती. खोबरं फडक्यात घालून पिळलं, पाण्याचा थेंब न घालता, आणि ते घट्ट दूध माशावर ओतलं. वर कांद्याची पात, टोमॅटो. चुलीवर काही चढलं नाही. लिंबाने मासा शिजल्यासारखा होतो आणि नारळाचं दूध आंबटपणाची धार मोडतं.

अळूची पानं नारळाच्या दुधात मऊ शिजवून जे रुकाऊ करतात, ते कोकणी माणसाच्या जिभेला परकं वाटतच नाही. हे अळू, हळद, केळी, ऊस अशी झाडं पॉलिनेशियन दर्यावर्दींनी आपल्या जोडहोड्यांतून बेटागणिक पूर्वेला नेली. काठाला आपली उंडी भेटते, बारतोंडी भेटते. यातली काही झाडं माणसांबरोबर गेली, काही बिया समुद्रावर तरंगत पोचल्या. बायका-पुरुष डोक्यावर फुलांचे मुकुट घालतात, त्यात तिआरे हे पांढरं फूल हमखास. ते अनंताच्याच कुळातलं आणि वासही तसाच दाट. आणखी एक गोष्ट इथे लग्नाशी जोडलेली आहे, तिवाएवाए. बायकांनी एकत्र बसून महिनोन् महिने शिवलेली ही नक्षीदार गोधडी लग्नात देतात, आणि आवडत्या माणसाला शेवटचा निरोप देताना त्याच्याबरोबर ठेवतात. दुकानात विकायच्या वस्तूंमध्ये ती शोधली तर किंमत ऐकून छाती दडपते. एवढे हात आणि एवढे दिवस लागतात म्हटल्यावर ती मला रास्तच वाटते.

रविवारी दुकानं बरीचशी बंद. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक १८२१ मध्ये आयतुताकीला आणि १८२३ मध्ये रारोटोंगाला पोचले, तेव्हापासूनचा हा रिवाज. सकाळी चुनेगच्चीच्या जुन्या चर्चमध्ये जावं, अंग झाकणारे कपडे घालून. साथीला वाद्य नसताना शेकडो गळ्यांचं ते गाणं ऐकलं की छप्पर उचललं जाईलसं वाटतं.

व्हिला कुठल्या बाजूला घ्यावा? आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, म्हणून आग्नेयेला मुरीच्या लगूनवर वारा खेळता राहतो. समोर चार छोटी बेटं, कयाक वल्हवत पलीकडे जाता येतं. जवळच्याच आवाना बंदरातून न्यूझीलंडच्या माओरींच्या पूर्वजांच्या होड्या निघाल्या, असं दोन्हीकडची परंपरा सांगते. पश्चिमेला आरोरांगीकडे वारा कमी आणि सूर्यास्त थेट पडवीत. दोघांसाठीच जायचं असेल तर मी पश्चिमेला कौल देईन. मुरीला वर्दळ जास्त. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी आणि सुखाची. जुलै ते ऑक्टोबर हंपबॅक देवमासे भिंतीच्या अगदी बाहेरून जातात, किनाऱ्यावरून त्यांचे फवारे दिसतात. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. २००५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पाच आठवड्यांत पाच वादळं या बेटांजवळून गेली.

मुरीचं लगून गेल्या दशकात आजारी पडलं. शेवाळ माजलं, पाणी गढुळलं. किनाऱ्यावरच्या घरांच्या आणि व्हिलांच्या सेप्टिक टाक्यांतून झिरपणारी पोषकद्रव्यं हे त्याचं एक मोठं कारण. म्हणजे ज्या पाण्यासाठी आपण जातो, त्यालाच आपली न्हाणीघरं बाधतात. बुकिंग करताना एसी आहे का हे आपण विचारतो, तसं सांडपाणी कुठे जातं हेही विचारावं. बेटावरची माणसं हातावर हात ठेवून बसलेली नाहीत. लगूनचा एखादा भाग काही काळ बंद ठेवण्याची राउई नावाची जुनी रीत तिथल्या परंपरागत पुढाऱ्यांनी १९९८ मध्ये पुन्हा सुरू केली. फलक दिसला की तिथून शिंपलासुद्धा उचलायचा नाही. या समाजाला घेणं आणि राखणं एकत्र जमतं. इथल्या बायका समुद्रकाकडीला चीर देऊन आतला खाण्याचा भाग काढून घेतात आणि तिला जिवंत पाण्यात सोडतात. जखम भरते, आतला भाग पुन्हा तयार होतो.

शक्य असेल तर दोन-तीन रात्री आयतुताकीला काढाव्यात. विमानाने पाऊण तास. १९५१ ते १९६० या काळात पाण्यावर उतरणारी विमानं तिथल्या आकाइआमी बेटाशी इंधनासाठी थांबायची आणि प्रवासी तेवढ्यात लगूनमध्ये डुंबून घ्यायचे. आयतुताकीवर कुत्री नाहीत, रात्र त्यामुळे आणखीच निवांत.

मुंबईहून जायचा सोयीचा रस्ता ऑकलंडमार्गे. तिथून पुढे चार तासांच्या आत-बाहेर. भारतीय पासपोर्टवर न्यूझीलंडच्या विमानतळावरून नुसतं पुढे जायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, तो आधी काढावा. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. ऑकलंडहून १० तारखेला निघालेलं विमान रारोटोंगाला ९ तारखेला उतरतं, आणि परतताना एक तारीख हातून निसटते. लग्नाचा वाढदिवस साधायचा असेल तर त्याच दिवशी ऑकलंड सोडावं. ती तारीख दुसऱ्या दिवशी व्हिलात पुन्हा मिळते, सकाळपासून रात्रीपर्यंत, पूर्ण.