एक-दोन-तीन, थांबा! घाटकोपरमधून साल्सा शिकताना

आजचा भाग नाचाचा आहे, पण हेडफोन काढू नका. साल्सा आधी कानानं शिकायचा असतो.

मी घाटकोपरला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि गेले चार महिने दर शनिवारी मेट्रोनं अंधेरीला साल्साच्या बॅचला जातोय. घरून पहिला प्रश्न आला, "हे आपलं आहे का रे?" नवीन येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनातही तेच असतं. स्पॅनिश येत नाही, क्यूबा नकाशात शोधावा लागतो, मग आपण नुसती नक्कल करतोय का? या संकोचापायी लोक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळतात. म्हणून आधी त्याचंच बघू.

साल्सा म्हणजे स्पॅनिशमध्ये सॉस, आणि हा नाचही तसाच मिसळलेला. मुळाशी आहे क्यूबाचं 'सोन' संगीत. त्यात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे ताल आहेत आणि स्पेनची गिटारही. पण 'साल्सा' हे नाव गाजलं क्यूबापासून लांब, न्यूयॉर्कमध्ये, पोर्तो रिको आणि क्यूबाहून आलेल्यांच्या वस्त्यांत. १९६४ साली जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी तिथे फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली. पाचेको मूळचा डॉमिनिकन रिपब्लिकचा, मासुची इटालियन वंशाचा वकील. म्हणजे हा नाच घडलाच गाव सोडून आलेल्या माणसांत. मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको.

आणि आपले कान तितके कोरे नाहीत. १९५१ चा 'अलबेला' आठवा. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. नाचणारे आपले भगवानदादा. 'शोला जो भडके'मध्ये जो बोंगो वाजतो, ते मूळचं क्यूबाचं वाद्य.

आता प्रत्यक्ष नाच. साल्सा आठ मात्रांत मोजतात. एक-दोन-तीनला पावलं, चारला थांबायचं. पाच-सहा-सातला पावलं, आठला थांबायचं. आठ मात्रा आपल्याला केरव्यामुळे सवयीच्या आहेत. भजनात, सिनेमाच्या गाण्यांत त्या रोज ऐकतो. अडचण येते ती थांबण्याची. नवखा माणूस चारलाही पाऊल टाकतो आणि गाण्याच्या पुढे पळतो. चार आणि आठ या मात्रा वजन एका पायावरून दुसऱ्यावर नीट जावं म्हणून आहेत. त्या खाल्ल्या की सगळं बिघडतं.

गाण्यात 'एक' सापडत नसेल तर गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखा टणटण आवाज शोधा. गाणं रंगात आलं की ही घंटा बहुतेक वेळा एक, तीन, पाच, सातवर ठळक वाजते. त्याखाली असतो 'क्लावे', पाच टाळ्यांचा सांगाडा. त्याचा एक प्रकार असा: एक, अडीच, चार, मग सहा आणि सात. आम्हा प्रोग्रॅमरांच्या भाषेत हा सिस्टीमचा क्लॉक. तो वाजत नसला तरी बाकीची वाद्यं त्यालाच धरून असतात.

सरावाला हॉल लागत नाही. पावलं छोटीच टाकायची असतात, त्यामुळे पलंग आणि कपाटाच्या मधली जागासुद्धा पुरते. जोडीदारही लागत नाही. एकट्यानं करायच्या पावलांना 'शाइन' म्हणतात.

जोडीनं नाचताना मात्र दोन गोष्टी पाळा. विचारल्याशिवाय हात धरायचा नाही, आणि समोरचं माणूस "नको" म्हणालं तर हसून बाजूला व्हायचं, कारण विचारायचं नाही. दुसरी म्हणजे ओढाओढ नको. पुढाकार घेणाऱ्यानं हातातून दिशा फक्त सुचवायची. या दोन गोष्टी पाळणारा नवखा सगळ्यांना आवडतो, त्याला चारच स्टेप येत असल्या तरी.

आठवड्याचा गृहपाठ: सेलिया क्रूझचं कुठलंही एक गाणं निवडा. पहिले तीन दिवस नाचू नका. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत उभे असाल तर मनात फक्त आठ मोजा. चौथ्या दिवशी पाय हलवा. चार आणि आठला थांबलात, तर तुम्ही साल्सा नाचताय.

भेटू पुढच्या भागात!